पांढरी पाचातला एलिमिनेटर

सेलऐवजी भिंतीतल्या विजेवर रेडिओ चालवणारा, घरी बनवलेला एलिमिनेटर पांढरी पाचात गातो. नेमकं सांगायचं तर खर्जातल्या पांढरी पाचाच्या किंचित वर. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० हेलकावे खाते, चार डायोडचा ब्रिज त्यातले उलटे अर्धे हेलकावे सुलटे करतो, म्हणून रेडिओतून जी गुणगुण बाहेर पडते ती १०० हर्ट्झची असते. आणि पेटीवरची खर्जातली पांढरी पाच असते ९८ हर्ट्झची. हा शोध माझ्या धाकट्या काकांचा. ते दिवसा बँकेत, संध्याकाळी भजनी मंडळाच्या पेटीवर आणि उरलेल्या वेळात सोल्डरिंग आयर्नसमोर असत. स्वतःच्या हातचा पहिला एलिमिनेटर त्यांनी रेडिओला जोडला आणि विविध भारतीच्या गाण्याखाली अखंड घरघर सुरू झाली. दुसऱ्या कोणी एलिमिनेटरचा डबा उघडला असता. काकांनी पेटी उघडली. दोन-तीन पट्ट्या दाबून पाहिल्या आणि समाधानाने म्हणाले, "पांढरी पाच आहे. जरा चढी आहे, पण पाचच."

काकू म्हणाल्या, "अहो, सूर सापडला, आता तो बंद कधी होणार ते बघा."

अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची. तिकडचा एलिमिनेटर त्यामुळे १२० हर्ट्झवर, म्हणजे काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर फटीत अडकून गुणगुणतो. पेटीवाल्याने त्याच्या साथीला बसूच नये. पण १२० ला १०० हे सहाला पाचाचं प्रमाण, आणि ते चोख कोमल गंधाराचं. आपली घरघर षड्ज धरली तर अमेरिकेची घरघर तिच्यावर कोमल गंधार लावते. दोन देशांमध्ये इतका सुरेल संबंध दुसऱ्या कुठल्या बाबतीत आहे, मला तरी ठाऊक नाही.

घरघरीचं कारण मात्र संगीतात नव्हतं. ब्रिजमधून बाहेर येणारी वीज एका दिशेची असली तरी सपाट नसते. सेकंदाला शंभर वेळा ती शून्याला जाऊन परत येते. मधल्या काळात रेडिओ उपाशी राहू नये म्हणून कपॅसिटर लावायचा. दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात गच्चीवर टाकी बसवतात, तसा. काकांनी टाकीऐवजी तांब्या बसवला होता. घरात पडलेला शंभर मायक्रोफॅरडचा कपॅसिटर वाया कशाला घालवायचा, हा विचार. त्याच्या जागी एक हजाराचा आला आणि पांढरी पाच विरली. भजनी मंडळात ही हकिगत काका पुढे बरीच वर्षं सांगत. घरघर गेल्यावर गाणं ऐकायला कसंसंच वाटलं, आधाराचा सूरच गेला, असं त्यांचं म्हणणं.

आजच्या वाचकाला एवढ्या खटाटोपाचं प्रयोजन कळायचं नाही. भिंतीत खोचायचा चार्जर आता बऱ्याच फोनबरोबर देतही नाहीत, कारण घरोघरी ते ढिगाने असतात. पण ट्रान्झिस्टर आणि कॅसेट प्लेअर यांच्या काळात सेल हा घरखर्चातला एक मुद्दा होता. रेडिओ निदान मिताहारी. टेपरेकॉर्डर मोटार फिरवायचा आणि सहा-सहा सेल बघता बघता फस्त करायचा. गाणारी बाई हळूहळू गाणारा बुवा झाली, की सेल संपले असं समजायचं. मग ते सेल खिडकीत उन्हात ठेवायचे, पुढचा मागे मागचा पुढे करायचा आणि आणखी एक बाजू ओढून काढायची. या दैन्यावरचा उपाय म्हणजे बॅटरी एलिमिनेटर. दुकानात तो तयार मिळायचा. परंतु घरात सोल्डरिंग आयर्न असताना तयार एलिमिनेटर विकत आणणं म्हणजे काकांच्या मते पेटी येत असताना रेकॉर्डवर भजन लावणं.

या धंद्याला मोठा वंश आहे. १९२० च्या दशकातल्या व्हॉल्व्हच्या रेडिओंचं एका बॅटरीवर भागत नसे. तारा तापवायला एक, ती मोटारीत असते तशी आम्लाची. आणि वरच्या दाबासाठी दुसरी, कोरडी. दिवाणखान्यात गालिच्यावर आम्लाची बॅटरी ठेवून संगीत ऐकायचं, अशी ती चैन होती. १९२५ मध्ये टोरोंटोच्या एडवर्ड रॉजर्स यांनी थेट घरातल्या विजेवर चालणारा रेडिओ बाजारात आणला. त्यांना त्याचं इतकं अप्रूप, की १९२७ मध्ये त्यांनी जे रेडिओ केंद्र काढलं त्याच्या सीएफआरबी या नावातच 'रॉजर्स बॅटरीलेस' ही अक्षरं घालून ठेवली. पुढल्याच वर्षी शिकागोत पॉल गॅल्व्हिन आणि त्यांचे भाऊ जोसेफ यांनी एका दिवाळखोर बॅटरी कंपनीचा एलिमिनेटरचा धंदा लिलावात ७५० डॉलरला घेतला. थोड्याच काळात रेडिओ आतच वीजपुरवठ्याची सोय घेऊन यायला लागले आणि एलिमिनेटरचा भाव पडला. मग गॅल्व्हिन मोटारीत बसवायच्या रेडिओकडे वळले, आणि १९३० मध्ये त्या रेडिओला त्यांनी नाव दिलं मोटोरोला. म्हणजे एलिमिनेटर बनवणाऱ्याचं पुढे काहीच होत नाही, हे काकूंचं विधान ऐतिहासिकदृष्ट्या टिकत नाही. काकांना हे तेव्हा माहीत असतं तर त्यांनी त्याचा उपयोग करून घेतला असता.

सामान आणायचं तपकीर गल्लीतून. मुंबईकरांचा लॅमिंग्टन रोड, तशी पुणेकरांची बुधवार पेठेतली ही गल्ली. काका मला बरोबर न्यायचे, कारण पिशवी धरायला कोणीतरी लागतं आणि दुकानदार रागावला तर विभागून घ्यायला. तिथला दुकानदार हा खरा परीक्षक. "बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर द्या," असं म्हणणाऱ्याकडे तो चष्म्यावरून बघायचा.

"किती अँपिअर?"

"रेडिओसाठी हवाय."

"रेडिओ किती खातो?"

काका गप्प. रेडिओ किती खातो हे त्यांनी रेडिओला कधी विचारलंच नव्हतं.

"पाचशे मिली घ्या. बारा-शून्य-बारा का बारा-शून्य?"

या तीन प्रश्नांत अर्धा अभ्यासक्रम येऊन जायचा. पुस्तकात तो असतोच, पण पुस्तक उलट प्रश्न विचारत नाही आणि मागे रांगेत उभं राहून घाईही करत नाही. मागच्या गिऱ्हाइकाच्या उसाशाने माणूस जेवढं शिकतो तेवढं वर्गात शिकत नाही, हे मला त्या गल्लीत कळलं. पुढच्या वेळी काका सगळी उत्तरं कागदावर लिहून घेऊन गेले. दुकानदाराने त्या दिवशी एकही प्रश्न विचारला नाही, त्याने काका जरा खट्टू झाले.

एलिमिनेटरच्या चुकांचा मानबिंदू म्हणजे फुटलेला कपॅसिटर. हे प्रकरण सविस्तर सांगायला हवं, कारण ते निव्वळ हिशेबाचं आहे आणि हिशेबातल्या चुका बँकेतल्या माणसाला फार लागतात. ट्रान्सफॉर्मर बारा व्होल्टचा. कपॅसिटर सोळा व्होल्टचा. बारापेक्षा सोळा जास्त, म्हणजे चार व्होल्टची शिल्लक, व्यवहार चोख. पण बदलत्या विजेचे बारा व्होल्ट ही एक प्रकारची सरासरी असते. लाटेचा माथा बाराला नसतो, तो दोनाच्या वर्गमुळाइतका, म्हणजे १.४१४ पट वर, जवळजवळ सतराला असतो. कपॅसिटर भरतो तो माथ्यापर्यंत. डायोड वाटेत दीडेक व्होल्ट खातात हे खरं, पण लहान ट्रान्सफॉर्मरवर भार नसला की तो लेबलावर लिहिलेल्यापेक्षा बराच जास्त देतो, त्यामुळे डायोडची ती दलाली भरून निघून वर उरते. घरातल्या भिंतीतले २३० व्होल्टसुद्धा याच न्यायाने माथ्यावर सव्वातीनशे असतात; आपण रोज ज्या विजेला भीत असतो ती सांगते त्यापेक्षा मोठी आहे.

काकांचा कपॅसिटर दिवसभर तग धरून राहिला. रात्री आळीतले दिवे मालवले गेले, तारांवरचा भार हलका झाला, दाब वाढला. साडेअकराच्या सुमाराला स्वयंपाकघरालगतच्या खोलीत फटाका फुटल्यागत आवाज झाला. आजीने रामरक्षा सुरू केली. काकूंनी आधी कुकर पाहिला. दिवा लावला तर ॲल्युमिनियमची टोपी एकीकडे, टेबलावर कागदाचा ओलसर भुगा, छताला एक डाग आणि खोलीभर तो वास. सडक्या मासळीशी त्याचं दूरचं नातं असावं. ज्याच्या नाकात तो एकदा गेला तो माणूस जन्मात पुन्हा बाराच्या ट्रान्सफॉर्मरवर सोळाचा कपॅसिटर लावत नाही. पंचवीसचा मागतो, आणि दुकानदाराने वीसदा विचारलं तरी पंचवीसच मागतो. वर्गमुळाचं हे सूत्र मी कॉलेजात शिकलो तेव्हा सगळा वर्ग फळ्याकडे बघत होता आणि मला मासळीचा वास येत होता.

आजच्या कपॅसिटरच्या डोक्यावर एक खाच असते, फुली किंवा इंग्रजी के अक्षरासारखी. आत वायू साठला की ती खाच फुगून फाटावी आणि डबा उडू नये, यासाठी. त्या खाचेमागे कितीतरी स्वयंपाकघरांतल्या कितीतरी रामरक्षा आहेत, असं मला ती दिसली की वाटतं.

नऊ व्होल्टचा एलिमिनेटर मीटरवर तेरा दाखवतो, याने तर कित्येकांचा माणुसकीवरचा विश्वास उडालाय. ते आधीच्याच हिशेबाचं पोटकलम. रेडिओ जोडला की तेराचे दहा-साडेदहा होतात, आवाज मोठा केला की त्याहून खाली. मीटरला काहीच खायचं नसतं, म्हणून त्याच्यासमोर एलिमिनेटर फुशारकी मारतो. बायकापोरांसमोर एक आणि साहेबासमोर एक बोलणाऱ्या माणसाची ओळख काकांना बँकेतून होती, तेव्हा हा भाग त्यांना लवकर समजला. पण फुशारकी ऐकून काही होत नाही, असं नाही. कॅल्क्युलेटरसारखं नाजूक, जवळपास काहीच न खाणारं यंत्र त्याला जोडलं, की तेराच्या तेरा त्याच्या डोक्यात जातात. काकूंच्या भिशीच्या हिशेबाचा कॅल्क्युलेटर याच मार्गाने गेला. त्यानंतर भिशीचा हिशेब काकू तोंडी करू लागल्या आणि तो जास्त बरोबर येऊ लागला.

उपाय म्हणजे रेग्युलेटर. तीन पायांचा तो काळा तुकडा: 7805 पाच व्होल्ट देतो, 7809 नऊ, 7812 बारा. वर कितीही चढ-उतार असो, हा आपला शब्द पाळतो. फाजील व्होल्ट मात्र उष्णतेच्या रूपात स्वतःच्या अंगावर घेतो. पंधरातून पाच करायचे आणि अर्धा अँपिअर द्यायचा, म्हणजे पाच वॉट अंगावर. त्याला ॲल्युमिनियमची पट्टी न लावता उभं केलं, तर हात लावणाऱ्याच्या बोटावर 7805 हा आकडा उमटायचाच काय तो बाकी राहतो. काकांनी तेही केलं. कॅसेट प्लेअर दहा मिनिटं वाजायचा, मग गप्प. थोड्या वेळाने आपण होऊन पुन्हा सुरू. घरात कोणी त्याला भूतबाधा म्हणालं, काका सैल जोड शोधत बसले. प्रत्यक्षात 7805 तापून गेला की स्वतःच बंद पडत होता आणि निवला की कामावर येत होता. ही सोय त्याच्यात मुद्दाम घातलेली असते. १९७० च्या सुमाराला अमेरिकेतल्या नॅशनल सेमीकंडक्टरमध्ये बॉब विडलर यांनी एलएम ३०९ हा पाच व्होल्टचा तीनपायी रेग्युलेटर केला, त्याच्या पोटातच जास्त तापल्यावर थांबण्याची व्यवस्था होती. वापरणारा चुका करणार हे गृहीत धरून केलेली वस्तू. अशी वस्तू करणाऱ्या माणसाबद्दल मला आदर वाटतो. माझा अनुभव आहे की बहुतेक वस्तू वापरणारा चूक करणार नाही हे गृहीत धरून केलेल्या असतात, आणि बहुतेक सरकारी अर्जसुद्धा.

हे विडलर स्वतः मात्र चुकीला क्षमा करणाऱ्यांतले नव्हते. खराब निघालेला सुटा भाग ते ऐरणीवर ठेवायचे आणि घणाने त्याची पूड करायचे. तो भाग पुन्हा कधी हाताला येऊन आपल्याला फसवणार नाही, याची ती खात्री. त्यांच्या सहकाऱ्यांनी या कृतीला त्यांच्याच नावाचं क्रियापद करून टाकलं होतं. हे मी वाचलं आणि मला काकांच्या बोर्नव्हिटाच्या डब्याची आठवण झाली. त्यात संशयित डायोड, एक पाय तुटलेले ट्रान्झिस्टर, "बहुतेक चांगला" अशी चिठ्ठी चिकटवलेला एक कपॅसिटर आणि जळल्याचा निश्चित पुरावा नसलेले रेझिस्टर असा ऐवज होता. टाकायचं काहीच नाही. कधीतरी उपयोगी पडेल. आणि ते पडायचंही. दर नव्या सर्किटात त्या डब्यातला एक तरी डायोड जायचा आणि दर नवं सर्किट पहिल्या खेपेला चालायचं नाही. मग बाकीचं सगळं सोडवून पुन्हा जोडायचं, आणि शेवटी तो डायोड सापडला की त्याला परत डब्यात ठेवायचं. जुन्या चुका जपून ठेवायची ही सवय केवळ इलेक्ट्रॉनिक्सपुरती नाही. पण मराठी माणसाला घण परवडत नाही असं नाही. त्याला पूड बघवत नाही.

एलएम ३१७ हा त्या घराण्यातला आणखी हुशार रेग्युलेटर. दोन रेझिस्टर लावून तुम्ही सांगाल तेवढे व्होल्ट देतो, अगदी सव्वापासून. दिसायला हुबेहूब 7805. तोच आकार, तेच तीन पाय, पाठीला तसाच भोक पाडलेला पत्रा. मोठा फरक हा की 7805 च्या पाठीचा पत्रा ग्राउंडला जोडलेला असतो आणि ३१७ च्या पाठीचा आउटपुटला. आधीचे सगळे 7805 काकांनी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्याला थेट स्क्रूने आवळले होते, डबाच थंडावा द्यायचा. ३१७ ही तसाच आवळला, आणि पुरवठ्याचा प्लस डब्यामार्फत सरळ मायनसला भिडला. मधे अभ्रकाची चकती घालतात हे त्यांना दुकानदाराने सांगितलं, तेही तिसऱ्या गिऱ्हाइकादेखत. चकती एवढीशी, कागदासारखी, ती हातात घेऊन काका म्हणाले, "एवढ्यासाठी?"

या सगळ्यात काका आणि आमचं घर शाबूत राहिलं, त्याचं श्रेय एका लाकडी पाटाला आहे. पाटावर एक बल्बचा होल्डर, एक सॉकेट, आणि दोन्ही एकापाठोपाठ एक जोडलेले. दुरुस्तीच्या दुकानात याला नुसतं 'सिरीज' म्हणतात. "आधी सिरीजवर घे" हे तिथलं पहिलं वाक्य, आणि मला वाटतं, तेच सगळ्यात महत्त्वाचं. नवीन केलेलं काहीही थेट भिंतीत लावायचं नाही. ते या सॉकेटमध्ये लावायचं. आत सगळं ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळतो आणि मंदावतो. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो. बस, एवढंच. फ्यूज उडत नाही, धूर निघत नाही, वाड्यातला दिवा जात नाही. काकांनी एकदा ट्रान्सफॉर्मरची बारा व्होल्टची बाजू भिंतीकडे आणि २३० ची बाजू रेडिओकडे केली होती. सिरीजवर शंभरचा बल्ब लख्ख पेटला, खोलीत उजेड पडला, काकांनी हं केलं आणि वायरी अदलाबदल केल्या. हीच चूक थेट भिंतीवर केली असती तर त्या ट्रान्सफॉर्मरची वार्निशच्या वासाची राख झाली असती.

यात करामत आहे ती फिलामेंटची. शंभर वॉटचा बल्ब थंड असताना त्याचा रोध जेमतेम चाळीसेक ओहम असतो. पेटला की तो सव्वापाचशेच्या वर जातो. म्हणजे वीज थोडी जात असेल तोवर बल्ब वाटेतून बाजूला उभा असतो, आणि जास्त धावायला लागली की आपणच आडवा येतो. त्याला कोणी सांगावं लागत नाही. चूक करू द्यायची, ती दिसेल अशीही करायची, पण तिची किंमत मात्र आवाक्यात ठेवायची, हे काम ज्या शिक्षकांना जमलं ते मी आयुष्यात फार थोडे पाहिले. बाकीचे एक तर फ्यूज उडवत, नाहीतर आपल्याला वीजच लागू देत नसत. आता एलईडी दिव्यांमुळे साधे बल्ब मिळेनासे होत चाललेत. एलईडीला फिलामेंट नाही, तेव्हा सिरीजच्या पाटावर त्याचा काही उपयोग नाही. दुरुस्तीवाले शंभरचे बल्ब वर्तमानपत्रात गुंडाळून साठवून ठेवतात, आणि मला त्यांचं वागणं पूर्ण पटतं.

एक चूक मात्र काकांनी मला कधी करू दिली नाही. ट्रान्सफॉर्मर महाग म्हणून तो वगळायचा आणि त्याच्या जागी ४०० व्होल्टचा कपॅसिटर भिंतीच्या विजेला लावून प्रवाह कमी करायचा, असे आराखडे मासिकांत यायचे. स्वस्त आणि सुटसुटीत. कित्येक एलईडी दिव्यांच्या पोटात आजही तीच रचना आहे आणि तिथे ती ठीक आहे, कारण तिथे कोणी बोट घालत नाही. पण रेडिओला असा पुरवठा जोडला, की हेडफोनचं भोक, एरियल, खटका, सगळ्याला घरातली फेज भेटते. मीटर पाच व्होल्ट दाखवतं आणि टेस्टर लाल पेटतो. दोघंही खरं बोलत असतात. ट्रान्सफॉर्मरमधलं लोखंड आणि दोन अलग गुंडाळ्या फक्त व्होल्ट कमी करत नाहीत, भिंतीला आणि माणसाला एकमेकांपासून तोडतात. त्या वजनाचे पैसे आपण त्यासाठी देतो. "या चुकीतून कोणी शिकत नाही," काका म्हणाले, "शिकायला शिल्लक राहावं लागतं." त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे एकमेव गंभीर वाक्य. त्यानंतर त्यांनी मासिकाचं ते पान फाडलं. हो, तेवढी एक गोष्ट बोर्नव्हिटाच्या डब्यात गेली नाही.

प्लस आणि मायनस यांच्यावर तर स्वतंत्र पुराण होईल. अडॅप्टरच्या टोकाला ती गोल पिन असते ना, साडेपाच मिलिमीटर बाहेरून आणि दोन-अडीच आतून, तिच्यात मधोमध प्लस असावा का मायनस, यावर जगाचं कधी एकमत झालं नाही. बहुतेक यंत्रं आत प्लस मागतात. गिटारवाल्यांच्या पायाखालच्या पेट्या नऊ व्होल्टवर चालतात आणि आत मायनस मागतात. पिन दोन्हीकडे तीच, अगदी सहज बसते. सहज बसतं म्हणजे जुळतं असं नाही, हे लग्नं जमवणाऱ्यांना केव्हापासून ठाऊक आहे. अभियंत्यांना जरा उशिरा कळलं. काका प्रत्येक अडॅप्टरच्या वायरीला पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून ठेवायचे, 'आत प्लस, टेप' किंवा 'आत मायनस, बघून लावणे'. त्यांच्यानंतर ते अडॅप्टर माझ्याकडे आले. एकावर लिहिलंय, 'आत प्लस (बहुतेक)'.

आताच्या यूएसबी-सीने हा प्रश्न मुळापासून सोडवला असं म्हणतात. युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून फोन आणि तत्सम उपकरणांना तीच जोडणी सक्तीची झाली. तिची रीत मला आवडते. चार्जर आधी व्होल्ट देतच नाही. पलीकडे कोण आहे हे एका बारीक तारेवरून तो चाचपतो, पलीकडे ठरलेल्या किमतीचा रेझिस्टर लागला तर पाच व्होल्ट सोडतो, आणि नऊ, पंधरा, वीस हवे असतील तर त्यासाठी दोघांमध्ये रीतसर बोलणी होतात. तपकीर गल्लीतला दुकानदार आता चार्जरमध्येच बसलाय. "किती खातो?" विचारल्याशिवाय तो माल देत नाही.

पण दुकानदार आला म्हणून गिऱ्हाइकं सुधारतात असं नाही. गूगलमधले अभियंते बेन्सन ल्युंग यांनी २०१५ मध्ये इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या यूएसबी-सी केबल एकेक करून तपासायला घेतल्या, आणि कुठली नियमात बसते, कुठली नाही, हे खरेदीदारांसाठी लिहायला लागले. २०१६ च्या फेब्रुवारीत अशीच एक स्वस्तातली केबल त्यांनी जोडली आणि त्यांचा लॅपटॉप आणि तपासणीची यंत्रं जागच्या जागी गेली. केबलमध्ये काय निघालं? पुरवठ्याची तार आणि ग्राउंडची तार अदलाबदल. एवढी बोलणी, एवढे नियम, आणि शेवटी प्लसच्या जागी मायनस. त्यांच्याकडे सिरीजचा पाट नव्हता, एवढंच मी म्हणेन. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत ॲमेझॉनने नियमाबाहेरच्या केबलींना विक्रीतून बंदी घातली.

आणि २०१९ च्या जूनमध्ये रास्पबेरी पाय ४ आला. जगभरच्या हौशी मंडळींचा लाडका, तळहातावर मावणारा संगणक, ज्याचे कर्ते या विषयात कोणाहून कमी नाहीत. यूएसबी-सीच्या खोबणीतल्या, या चाचपणीसाठीच्या दोन पिनांना ५.१ किलोओहमचे दोन वेगवेगळे रेझिस्टर लावावेत असा नियम. त्यांनी दोन्ही पिना जोडून एकच लावला. साध्या केबलवर काही बिघडत नव्हतं, पण ओळखचिप असलेल्या भारी केबलीतून चार्जरला पलीकडे हेडफोनचा जोड असल्याचा भास व्हायचा आणि तो वीज द्यायलाच नकार द्यायचा. म्हणजे महाग केबल आणणाऱ्याचा संगणक बंद, आणि स्वस्त केबलवाल्याचा चालू! चूक कबूल झाली, पुढच्या आवृत्तीत दुसरा रेझिस्टर आला.

ही बातमी वाचून मी तपकीर गल्लीत गेलो आणि ५.१ किलोओहमचा एक रेझिस्टर मागितला. काउंटरवर आता जुन्या दुकानदाराचा मुलगा असतो. त्याने चष्म्यावरून बघितलं.

"एक मिळत नाही. शंभराचं पाकीट घ्या."

"मला दोनच हवेत."

"दोनच लागतात, ठाऊक आहे. उरलेले ठेवा घरात," तो म्हणाला, "डबा असेलच की."